बावीस प्रदेश, दोन देश आणि एक पीएचडी

गेल्या डिसेंबरात, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, माझी पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. चेक प्रजासत्ताक आणि स्लोवाकिया या दोन शेजारी देशांतल्या प्रदेशांची आर्थिक कामगिरी हा विषय, आणि पद्धत क्लस्टर ॲनालिसिस, म्हणजे आकड्यांवरून सारख्या प्रदेशांचे गट बांधणं. मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून हे केलं. सुरुवात केली तेव्हा या वाटेवरून गेलेल्या कुणीतरी मराठीत सगळं सांगावं असं फार वाटायचं, म्हणून आता मी सांगते आहे. फी, कागदपत्रं, ताटकळणं हेही त्यात येईल, कारण नोकरदार माणसाचा निम्मा जीव त्यातच जातो.

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये नोंदणी झाली. त्याआधी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला महिना उलटून गेला, कारण अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवावा लागतो आणि बैठक काही रोज होत नाही. पेटचा फॉर्म भराल त्याच आठवड्यात हा अर्ज देऊन टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी आणखी एक: एम.ए.ची मार्कशीट माहेरच्या नावाची असेल तर विवाह प्रमाणपत्रावर भागेलच असं नाही, राजपत्रात नाव छापून आलेली प्रत मागतात. ती आधीच काढून ठेवा. फी माझ्याकडे वर्षाला सोळा हजारांच्या घरात होती, कोर्सवर्कची वेगळी. विद्यापीठागणिक हा आकडा बदलतो.

नियमांचं एक कलम मात्र नीट वाचा. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम आणले आणि प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढली. ते वाचून माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण त्याच नियमांत लिहिलं आहे की ज्यांची नोंदणी आधी झाली त्यांना जुनेच नियम लागू. म्हणजे मला २०१६ चे नियम: किमान एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं. परिषदेची नोंदणी फी दीड-दोन हजार, शिवाय प्रमाणपत्र नंतर पोस्टाने किंवा मेलवर येतं आणि त्यासाठी मागे लागावं लागतं. आपल्या नोंदणीपत्रावरची तारीख कुठल्या नियमात बसते, ते पहिल्याच महिन्यात पाहून घ्यावं.

विषय ठरायला वेळ गेला. मला भारत आणि एखादा शेजारी देश घ्यायचा होता. माझे मार्गदर्शक वाशीच्या एका महाविद्यालयात आहेत. शनिवारी कॉलेज सुटलं की ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशी गाठायची, असा शिरस्ता पडला होता. सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “दोन्हीकडचे जिल्हे एकाच मापाने मोजलेले आहेत का? नसतील तर तुम्ही प्रदेशांची नाही, मोजपट्ट्यांची तुलना कराल.” ते मनावर कोरलं गेलं. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं उत्पन्न मिळतं. पण सीमेपलीकडचा आकडा त्याच व्याख्येने, त्याच वर्षासाठी काढलेला हवा, आणि तुलना तिथेच अडते. युरोपीय संघात ही सोय आहे. तिथे नट्स नावाची प्रादेशिक वर्गवारी आहे, तिच्या तीन पातळ्या आहेत, आणि तिसऱ्या पातळीचा प्रदेश साधारण दीड लाख ते आठ लाख लोकवस्तीचा असावा असा दंडक आहे. आकडे युरोस्टॅटकडे, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे, गोळा होतात आणि कुणालाही फुकट मिळतात.

त्यातही चेक आणि स्लोवाकियाच का? हाच प्रश्न विषयाला मंजुरी देणाऱ्या समितीत एका सदस्यांनी विचारला. “मॅडम, ठाण्यात बसून स्लोवाकिया कशासाठी?” उत्तर मी मनापासून दिलं, कारण त्या कारणामुळेच मी या विषयाच्या प्रेमात पडले होते. ३१ डिसेंबर १९९२ पर्यंत हा एकच देश होता. १ जानेवारी १९९३ ला शांतपणे दोन झाले. सामाईक चलन त्यानंतर जेमतेम महिनाभर टिकलं. १ मे २००४ ला दोघेही एकाच दिवशी युरोपीय संघात गेले. २००९ पासून स्लोवाकिया युरो वापरतो, चेक लोकांनी आपली कोरुना ठेवली. सुरुवात एक, वाटा वेगळ्या, मोजमाप पुन्हा एकच. सीमारेषेचा अर्थव्यवस्थेवर किती ठसा उमटतो हे पाहायला असा जोड शोधून सापडणार नाही. आणि अंतर म्हणाल तर तेवढंही नाही: स्लोवाकियातल्या नित्रा शहरात २०१८ पासून जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना चालतो, आणि ती कंपनी आपल्या टाटांची. चेकमधलं झ्लीन हे तर बाटाचं जन्मगाव.

समितीने नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. एकच दुरुस्ती सुचवली, कालखंड शीर्षकातच घाला. ती सूचना फार कामाची ठरली. कालखंड शीर्षकात बांधलेला असला की पुढे कुणी “अलीकडचे आकडे का नाहीत” म्हणून अडवत नाही. मी दोन तुकडे घेतले, २००४ ते २००६ आणि २०१७ ते २०१९, आणि प्रत्येकाची तीन वर्षांची सरासरी. एखाद्या वर्षी मोठा कारखाना सुरू झाला की छोट्या प्रदेशाचा आकडा उसळतो, सरासरीने ती उसळी बसते. २०२० मुद्दाम टाळलं. कोविडने सगळ्या प्रदेशांना सारखं झोडपलेलं नाही, त्या वर्षाचं चित्र त्या वर्षापुरतंच.

तिसऱ्या पातळीवर चेकचे १४ प्रदेश आणि स्लोवाकियाचे ८. एकूण बावीस. २०११ च्या सुमारास सगळा चेक देश एक कोटी पाच लाखांच्या आसपास, स्लोवाकिया चोपन्न लाखांच्या. २०११ च्या जनगणनेत आपला अविभाजित ठाणे जिल्हा, पालघर वेगळा होण्याआधीचा, एक कोटी दहा लाखांवर होता. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं नकाशा बघायला उठून पुढे आली.

२०२३ चं जवळजवळ सगळं वर्ष आकडे गोळा करण्यात गेलं. वेळेची मोठी तरतूद इथेच ठेवा. युरोस्टॅटच्या तक्त्यात आकड्याला चिकटून अक्षरं येतात: ‘पी’ म्हणजे तात्पुरता, ‘ई’ म्हणजे अंदाज, ‘बी’ म्हणजे मालिकेत खंड. नसलेल्या आकड्याच्या जागी विसर्गासारखे दोन टिंब. ही अक्षरं काढल्याशिवाय एक्सेल त्या घराला आकडा मानतच नाही. पण ती सरसकट पुसून टाकू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ‘बी’ असलेल्या वर्षाच्या आधीचं आणि नंतरचं एकत्र धरता येत नाही. दोन्ही देशांच्या सांख्यिकी कार्यालयांच्या फायलींमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, तो फाइल उघडतानाच सांगावा लागतो. गावांच्या नावांवरच्या चिन्हांचा चुराडा होऊ नये म्हणून फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात उघडा. आणि प्रदेश नावाने जोडण्यापेक्षा नट्सच्या कोडने जोडा.

बेकारीच्या आकड्याने मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं. नोंदणीकृत बेकारांचा आकडा दोन्ही देशांत दरमहा, प्रदेशवार, सहज मिळतो. मोह होतो. पण चेक श्रम मंत्रालय २०१३ पासून बेकारांचं प्रमाण १५ ते ६४ वयाच्या सगळ्या लोकसंख्येशी काढतं, आणि स्लोवाकियात ते काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या लोकांशी काढतात. भाजक वेगळा, त्यामुळे चेक आकडा आपोआप लहान दिसतो. हे दोन रकाने शेजारी ठेवले असते तर सीमारेषा ठळक उमटली असती आणि ती निव्वळ भागाकाराची किमया ठरली असती. शेवटी दोन्हीकडच्या श्रमबल पाहणीचे आकडे घेतले, ते एकाच युरोपीय व्याख्येने काढलेले असतात. दोन देशांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: आकडा उचलण्याआधी त्याखाली भाजक काय आहे ते वाचा.

दरडोई जीडीपीचंही तसंच. क्रयशक्तीप्रमाणे समायोजित, म्हणजे पीपीएसमधला आकडा घ्यायचा, नाहीतर कोरुना आणि युरोच्या विनिमय दराची हालचालच मोजली जाते. तेवढ्यानेही भागत नाही. चेकची राजधानी प्रागचा दरडोई जीडीपी युरोपीय सरासरीच्या सुमारे दुप्पट दिसतो आणि प्रागला वेढून असलेला मध्य बोहेमिया बराच खाली. डोंबिवली-बदलापूरची माणसं रोज गाडी पकडून बीकेसीत कामाला जातात, त्यांनी निर्माण केलेलं उत्पन्न मुंबईच्या खात्यात आणि डोकी मात्र ठाणे जिल्ह्याच्या खात्यात. प्रागचं आणि स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाचं नेमकं हेच आहे. जीडीपी कामाच्या ठिकाणी मोजला जातो, माणसं राहत्या ठिकाणी. म्हणून मी प्रत्येक विश्लेषण दोनदा केलं, एकदा प्राग आणि मध्य बोहेमिया वेगवेगळे, एकदा एकत्र.

आकडेमोडीसाठी मी आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. घरात दहावीचा अभ्यास चालू होता, त्यामुळे संध्याकाळी मी महापालिकेच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची. एमपीएससीच्या मुलांमध्ये आर शिकणारी मी एकटीच. त्यांच्या चिकाटीने मलाही बळ आलं.

क्लस्टर ॲनालिसिस म्हणजे थोडक्यात असं: प्रत्येक प्रदेशाचे काही आकडे घ्यायचे, कुठला प्रदेश कुणाच्या किती जवळ हे अंतर काढायचं, आणि जवळच्यांचे गट बांधायचे. देशाचं नाव यंत्राला सांगायचंच नाही. गट बांधून झाल्यावर पाहायचं, एकाच देशाचे प्रदेश एकत्र आले की सीमा ओलांडून जोड्या जमल्या. वाचायला सोपं आहे. पण प्रत्येक पायरीवर निर्णय आपलाच असतो आणि त्या निर्णयाप्रमाणे उत्तर फिरतं. हे मी आधी वाचलं होतं, पण खरं कळलं ते झाडं, म्हणजे कुठला प्रदेश कुणाला जोडला गेला हे फांद्यांनी दाखवणाऱ्या आकृत्या, छापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली तेव्हा.

पहिला निर्णय, किती आणि कुठले निकष. बावीस प्रदेशांसाठी पंधरा निकष लावले तर गट कशावर बनले ते कुणालाच सांगता येणार नाही. मी सहा ठेवले. दरडोई जीडीपी आणि कामगारामागची उत्पादकता हे दोन्ही घेण्याचा विचार होता, पण ते एकमेकांना इतके धरून चालतात की एकाच गोष्टीला दोन मतं पडतात. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी मांडलेलं अंतर अशी दुहेरी मतं दुरुस्त करतं. ते वापरावं अशी फार इच्छा होती, आपल्या माणसाचं काम म्हणूनही. पण त्याला निकषांमधला परस्परसंबंध आधी नीट मोजता यावा लागतो, आणि बावीस नोंदींवर तो डळमळीत राहतो. सर म्हणाले, “इच्छा बाजूला ठेवा, नोंदी किती आहेत ते बघा.” मी उत्पादकता काढून टाकली.

दुसरी पायरी प्रमाणीकरण. दरडोई जीडीपी हजारांत आणि बेकारी एक-दोन अंकी. तसंच अंतर काढलं तर बेकारी, उद्योगांचा वाटा, स्थलांतर, सगळं जीडीपीखाली चिरडलं जातं. म्हणून प्रत्येक निकषातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाने, भागायचं. इथे प्राग पुन्हा आडवा येतो. एकट्या प्रागमुळे प्रमाण विचलन फुगतं, आणि मग उरलेले वीसेक प्रदेश एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. दोन्ही राजधान्या बाजूला काढून, पुन्हा नव्याने प्रमाणीकरण करून पाहिलं तेव्हा कुठे बाकीच्यांमधले फरक उघडे पडले.

तिसरी, गट जोडण्याची रीत. मी वॉर्डची पद्धत घेतली, १९६३ ची. ती दर पायरीला असे दोन गट जोडते की गटाच्या आतला फरक कमीत कमी वाढेल. आरमध्ये तिची दोन नावं आहेत, वॉर्ड.डी आणि वॉर्ड.डी२. साधं युक्लिडीय, म्हणजे सरळ रेषेतलं, अंतर देत असाल तर मूळ वॉर्डची कसोटी डी२ पाळतं. डी वापरायचं तर अंतराचा वर्ग करून द्यावा लागतो. प्रबंधात नुसतं ‘वॉर्ड’ न लिहिता कुठलं ते लिहा, परीक्षक विचारतात. पडताळणीसाठी के-मीन्स ही गट बांधायची दुसरी रीत वापरली. तिच्यात गटांची संख्या आधी ठरवून प्रदेश जवळच्या केंद्राला जोडतात. त्यात सुरुवातीचे बिंदू यादृच्छिक असतात, म्हणून अनेक सुरुवाती करायला सांगायचं आणि बीजसंख्या, म्हणजे ते बिंदू ज्या आकड्यावरून निवडले जातात तो, नोंदवून ठेवायची, नाहीतर तुमचंच उत्तर तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

आणि गट किती? पीटर रूसो यांनी १९८७ मध्ये सुचवलेला सिल्हूट निर्देशांक प्रत्येक प्रदेश आपल्या गटात किती नीट बसतो ते सांगतो. तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येतो, सरासरी जास्त तितके गट सुटसुटीत. माझ्याकडे तो दोन गटांना सगळ्यात जास्त आला: दोन राजधान्या एकीकडे, उरलेले वीस दुसरीकडे. चुकीचं काहीच नाही, पण त्यात नवीन काय कळलं? मी दोन गटांचं उत्तर नोंदवलं आणि मुख्य चर्चा चार गटांवर केली, का केली ते दोन पानं लिहून. निर्देशांक मोठा आला म्हणून तेच उत्तर पुढे करायचं, हे मला पटत नाही. प्रश्न आपला असतो, निर्देशांक फक्त साक्षीदार.

चित्र काय दिसलं ते सांगते. प्राग आणि ब्रातिस्लाव्हा प्रत्येक वेळी एकत्र, कुठलीही रीत लावा. स्लोवाकियाच्या पूर्वेकडचे प्रेशोव्ह, कोशित्से आणि त्यांच्या शेजारचं बान्स्का बिस्त्रित्सा हा वेगळा गट, आणि तोही प्रत्येक वेळी टिकला. स्लोवाकियाच्या पश्चिम आणि वायव्य भागातले मोटारींचे पट्टे, फोक्सवॅगनचं ब्रातिस्लाव्हा सोडून त्र्नावा आणि किया मोटर्सचं झिलिना, हे २०१७-१९ मध्ये चेकच्या कारखानदारी प्रदेशांच्या जवळ सरकलेले. २००४-०६ मध्ये तसं नव्हतं. तेव्हा स्लोवाकियात बेकारी चेकच्या दुप्पट, २००५ ला सोळा टक्क्यांच्या वर, त्यामुळे झाडात देशाची रेषा स्पष्ट दिसायची. त्र्नावा आणि झिलिनाचे मोटार कारखाने २००६ मध्ये सुरू झाले. चेकमधल्या उस्ती आणि कार्लोव्ही व्हारी यांचं मात्र तळ्यात-मळ्यात. एक लिग्नाइटच्या खाणींचा प्रदेश, दुसरा गरम पाण्याच्या झऱ्यांचा. निकष जरा बदलला की गट बदलायचे, सिल्हूट शून्याजवळ. सुरुवातीला मला त्यांना कुठेतरी बसवायची घाई होती. सर म्हणाले, “बसत नाहीत हाच तुमचा निष्कर्ष आहे. तसंच लिहा.”

२०२४ च्या दिवाळीपर्यंत तीन प्रकरणं लिहून झाली होती, आणि तेव्हाच कळलं की युरोपातल्या बहुतेक देशांनी राष्ट्रीय लेख्यांची, म्हणजे ज्यातून जीडीपी निघतो त्या हिशेबांची, मोठी फेरमांडणी केली आहे. ती २०२४ मध्येच व्हायची होती, आधी जाहीरही होती. म्हणजे मी २०२३ मध्ये उतरवून घेतलेला जीडीपी आता जुना. पोटात गोळा आला. जुन्या आकड्यांवर प्रबंध दिला तरी नियमात बसत होतं, उतरवल्याची तारीख लिहिली की झालं. पण मनाला पटेना. २०२५ च्या सुरुवातीला तक्ते पुन्हा उतरवले. आकडे साफ करण्यापासून झाडं काढण्यापर्यंत सगळं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं, म्हणून नवी फाइल घालून एका बैठकीत सगळं पुन्हा चाललं. माउसने एक्सेलमध्ये केलं असतं तर वर्ष गेलं असतं. राजधान्यांचा आणि पूर्वेचा गट हलला नाही. मधल्या दोन-तीन प्रदेशांनी जागा बदलली, तेही परिशिष्टात जुनं-नवं शेजारी ठेवून दाखवलं. माझ्या मते प्रबंधातलं सगळ्यात विश्वासाचं पान ते परिशिष्ट आहे.

मार्च २०२५ मध्ये प्रबंधपूर्व सादरीकरण, मग साहित्यचौर्य तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, संदर्भसूची धरत नाहीत आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचा योगायोग सोडून देतात. पद्धतीच्या प्रकरणात मात्र टक्का चढतो, कारण वॉर्डची व्याख्या सगळ्यांनी सारखीच लिहिलेली असते. ते प्रकरण स्वतःच्या उदाहरणाने समजावून लिहिलं की आपोआप उतरतो. ग्रंथालयात तपासणीला रांग असते, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

छपाई ठाणे स्टेशनजवळ केली. झाडं आणि नकाशे रंगीत लागतात, रंगीत पान दहा रुपये, कडक बांधणी प्रतीला साडेतीनशे. सगळ्या प्रती मिळून पाचेक हजार झाले. नकाशे करडे छापून गट रेघांच्या नक्षीने दाखवले तर बराच खर्च वाचतो, आणि झेरॉक्सवरही वाचता येतात. जुलै २०२५ मध्ये प्रबंध दिला. प्रबंध शुल्काची पावती, ना-देय प्रमाणपत्र, सहामाही प्रगती अहवालांच्या सही-शिक्क्याच्या प्रती एकाच फायलीत ठेवल्या होत्या, तरी एका अहवालावर शिक्का नव्हता म्हणून परत यावं लागलं.

मग वाट पाहणं. बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल यायला दिवाळी उलटली. या काळात काही करता येत नाही, आणि दर आठवड्याला फोन करूनही काही होत नाही. मी अकरावीचे पेपर तपासले आणि घरच्यांसोबत राहून गेलेली कामं उरकली.

व्हायवा तास-सव्वातास चालली. पहिला प्रश्न अपेक्षित होता, चारच गट का. दुसरा अवघड: “तुमच्या गटांचा आणि देशाच्या सीमेचा संबंध नुसता डोळ्यांनी पाहिलात, की मोजलात?” त्यासाठी समायोजित रँड निर्देशांक काढला होता. दोन विभागण्या किती जुळतात ते तो सांगतो, योगायोगाने जुळल्या तर शून्य, तंतोतंत जुळल्या तर एक. पहिल्या कालखंडापेक्षा दुसऱ्यात तो खाली आला होता, तो तक्ता मी उघडून दाखवला. परीक्षकांनी मान डोलावली आणि विचारलं, “मग सीमा पुसली गेली म्हणायची का?” मी म्हटलं, नाही सर. पश्चिमेला ती फिकट झाली. पूर्वेला स्लोवाकियाच्या आतच दुसरी रेषा जाड राहिली, आणि ती कुठल्याच नकाशावर छापलेली नाही.

निकाल त्याच दिवशी तोंडी सांगितला. अधिसूचना यायला काही आठवडे गेले. ती आल्याशिवाय तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मिळत नाही आणि वेतनवाढीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. प्रबंधाची पीडीएफ शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढवायला द्यायची असते, ती प्रकरणवार वेगळी लागते, अखंड फाइल परत पाठवतात. आणि अधिसूचनेवरचं शीर्षक अक्षर न् अक्षर तपासा. माझ्यावर स्लोवाकियाऐवजी स्लोव्हेनिया छापलं होतं. दुरुस्तीचा अर्ज, मंजुरीपत्राची प्रत आणि शंभर रुपयांचं चलन जोडून दिलं आहे. दुरुस्त प्रत मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळेल असं सांगितलं आहे.